८७ कोटी डॉलर कमावूनही ‘पडला’: ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’चं प्रकरण

२५ मार्च २०१६, शुक्रवार. आदल्या दिवशी धुळवड झालेली, त्या दिवशी गुड फ्रायडेची सुट्टी. पुण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये सकाळच्या खेळाला आमच्या होस्टेलची अख्खी रांग बसली होती. कानामागचा रंग अजून निघाला नव्हता. ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन: डॉन ऑफ जस्टिस’ सुरू झाला आणि पहिल्या काही मिनिटांतच ब्रूस वेन कोसळत्या इमारतीच्या धुरळ्यात उलट दिशेने धावत गेला. सगळे जीव वाचवायला बाहेर पळतायत आणि हा एकटा आत शिरतोय. त्या धुरळ्यात तो एका लहान मुलीला छातीशी धरतो आणि वर आकाशाकडे बघतो. माझे डोळे भरून आले होते. आजही तो प्रसंग पाहिला की भरून येतात. मी या प्रकरणात कुणाच्या बाजूने उभा होतो ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

बॅटमॅन-सुपरमॅन हे डीसी कॉमिक्सचे, तर आयर्न मॅन-कॅप्टन अमेरिका हे मार्व्हल कॉमिक्सचे. मी डीसीवाला आणि माझा रूममेट पक्का मार्व्हलवाला. त्याच्याकडे शंभर पानी रेघांची वही होती. त्यात तो मोठ्या चित्रपटांची कलेक्शन्स रोज उतरवायचा: डावीकडे अमेरिका, उजवीकडे बाकीचं जग, खाली एकूण. मंगळवारी सकाळी त्याने पहिल्या वीकेंडचा पक्का आकडा लिहिला, अमेरिकेत १६.६ कोटी डॉलर. मार्च महिन्यात तोवर कुठल्याही चित्रपटाने इतकी ओपनिंग घेतली नव्हती. मी चहा पाजायला निघालो होतो. तो म्हणाला, “थांब भावा, रविवारचा आकडा बघ आधी.”

त्या एका वाक्यातून जी भांडणं सुरू झाली ती आमच्या खोलीपुरती नव्हती. जगभरचे चाहते त्याच तीन दिवसांच्या आकड्यांवरून एकमेकांच्या अंगावर धावत होते, आणि स्टुडिओतली माणसंही तेच आकडे बघत होती.

अब्जाची अपेक्षा आली कुठून

आधी शेवट सांगतो. चित्रपट बनवायला सुमारे २५ कोटी डॉलर लागले. जगभरातून त्याने ८७ कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. २०१६ मधल्या सगळ्यात जास्त कमाईच्या चित्रपटांत तो सातवा होता. तरीही नाव निघालं की आजही निम्मे लोक म्हणतात, “तो पडला ना?” आणि उरलेले निम्मे चवताळून म्हणतात, “८७ कोटी कमावलेला पिक्चर पडतो कसा?”

अपेक्षेचा आकडा ठरला होता एक अब्ज, म्हणजे शंभर कोटी डॉलर. आपल्याला शंभर कोटींच्या क्लबची सवय आहेच. रुपयांच्या जागी डॉलर ठेवले की तिकडचा क्लब तयार होतो. मार्च २०१६ पर्यंत त्या क्लबात पाचच सुपरहिरोपट होते. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनचे दोन बॅटमॅन, दोन ‘ॲव्हेंजर्स’ आणि ‘आयर्न मॅन ३’. पाचांतले दोन बॅटमॅनचेच. मग चाहत्यांचं गणित सोपं होतं: एकटा बॅटमॅन अब्ज करतो, सोबत सुपरमॅन आला, वर वंडर वुमन पहिल्यांदाच मोठ्या पडद्यावर येतेय, तर अब्ज कुठे जातोय?

या गणितात एक आकडा कुणी धरलाच नव्हता. ज्या चित्रपटाचा हा पुढचा भाग होता, त्या २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’ने जगभरात सुमारे ६७ कोटी डॉलर मिळवले होते. दिग्दर्शक तोच, झॅक स्नायडर. सुपरमॅनही तोच, हेन्री कॅव्हिल. शिडी त्या ६७ कोटींच्या जमिनीवर उभी होती, नोलनच्या गच्चीवर नव्हती. ६७ वरून ८७ ही चढण चांगलीच म्हणायला हवी. पण ज्याने मनात १०० धरलेत त्याला ८७ म्हणजे तेराने नापास.

अपेक्षा फुगायला चाहते एकटे जबाबदार नव्हते. जुलै २०१३ मध्ये सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये दोन्ही चिन्हं एकावर एक दाखवून घोषणा झाली तेव्हापासून प्रदर्शनापर्यंत पावणेतीन वर्षं गेली. ऑक्टोबर २०१४ मध्ये वॉर्नर ब्रदर्स या डीसीच्या स्टुडिओने गुंतवणूकदारांसमोर २०२० पर्यंतच्या दहा डीसी चित्रपटांची यादी मांडली. म्हणजे हा चित्रपट नुसता चालून भागणार नव्हतं, त्याच्या खांद्यावर पुढचे सगळे मजले होते. त्यात तारखेची लढाई झाली. एका टप्प्यावर हा चित्रपट आणि मार्व्हलचा ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’ एकाच दिवशी, ६ मे २०१६ ला, यायचे होते. ऑगस्ट २०१४ मध्ये वॉर्नरने माघार घेऊन मार्च धरला. पडद्यावर यायच्या दीड वर्ष आधीच ‘कोण घाबरलं’ यावर वाद पेटला होता. पिक्चर अजून कुणी पाहिलाही नव्हता, पण बाजू ठरल्या होत्या.

तीन दिवस आणि दुसरा शुक्रवार

रूममेटच्या वहीतलं ते पान मला अजून आठवतं. शुक्रवार ८.१५ कोटी, शनिवार ५.०६, रविवार ३.३८. त्याचं म्हणणं होतं की शुक्रवार ते रविवार निम्म्याहून जास्त घसरण म्हणजे बघून आलेली माणसं दुसऱ्याला ‘जा’ म्हणत नाहीयेत.

माझ्याकडे उत्तर होतं आणि ते अगदीच लंगडं नव्हतं. शुक्रवारच्या आकड्यात गुरुवार रात्रीच्या खेळांचे २.७७ कोटी मिसळलेले होते. ते काढले तर खरा शुक्रवार ५.४ कोटींच्या आसपास येतो. शिवाय तो रविवार ईस्टरचा. अमेरिकेत त्या दिवशी माणसं घरी जेवायला जमतात. म्हणजे घसरण दिसत होती तेवढी भयंकर नव्हती. डीसीच्या चाहत्यांनी हेच मुद्दे सगळीकडे मांडले आणि माझ्या मते त्या दिवसापुरते ते बरोबर होते. तीन दिवसांच्या आकड्यांवरून निकाल लावणाऱ्यांनी घाई केली होती.

रूममेटने वाद घातला नाही. “पुढचा शुक्रवार येऊ दे,” एवढंच म्हणाला. “पहिल्या शुक्रवारी पोस्टर चालतं.”

पुढचा वीकेंड आला ५.१३ कोटींवर. ६९ टक्के घसरण. या आकड्याला ईस्टरचा आधार नव्हता, गुरुवारचा नव्हता, समोर मोठा प्रतिस्पर्धीही नव्हता. तिसऱ्या वीकेंडला मेलिसा मॅकार्थीच्या ‘द बॉस’ या विनोदी चित्रपटाने काही लाख डॉलरच्या फरकाने त्याला पहिल्या जागेवरून खाली ढकललं. बॅटमॅन आणि सुपरमॅन एकत्र असताना.

अमेरिकेतली अखेरची कमाई झाली ३३ कोटी. पहिल्या वीकेंडची जेमतेम दुप्पट. या प्रकरणात खरं बोलणारा आकडा मला हाच वाटतो. अब्ज झाला की नाही यावर आम्ही महिनोन्महिने घसा बसेपर्यंत बोललो आणि हा आकडा कुणी नीट हातात घेतलाच नाही. पहिल्या तीन दिवसांत निम्मी कमाई उरकली, याचा अर्थ ज्यांना जायचंच होतं ते सगळे गेले आणि त्यांच्या सांगण्यावरून जाणारे फार थोडे निघाले. ‘सिव्हिल वॉर’ने पुढे १७.९ कोटींची ओपनिंग घेऊन अमेरिकेत ४०.८ कोटींपर्यंत मजल मारली आणि जगभरात अब्ज ओलांडला. त्याचीही दुसऱ्या वीकेंडची घसरण साठ टक्क्यांच्या जवळच होती, कारण चाहत्यांच्या चित्रपटांना पहिल्या दिवसाची घाई असतेच. पण साठ आणि एकोणसत्तर यांच्यामधल्या नऊ टक्क्यांत भाच्याला घेऊन जाणारी मावशी असते.

हे मी उगाच म्हणत नाही. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, आपल्याकडे ‘द जंगल बुक’ आला, अमेरिकेच्या एक आठवडा आधी. हिंदीत शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. माझ्या ताईने माझ्या भाच्याला त्याला दोनदा नेलं. बॅटमॅनला मी घेऊन जातो म्हटलं तर म्हणाली, “तो फार काळाकुट्ट आहे म्हणे, रात्री घाबरेल.” तिने तो पाहिला नव्हता, कुणाकडून तरी ऐकलं होतं. माउथ पब्लिसिटी अशी उलटीही चालते. आणि त्याच महिन्याच्या शेवटी ‘सैराट’ लागला. तेव्हा लोक ट्रॅक्टर-टेम्पो करून तालुक्याच्या थिएटरात कसे गेले हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. सुमारे चार कोटी रुपयांत बनलेला तो चित्रपट शंभर कोटींच्या पुढे गेला, पुन्हा पुन्हा येणाऱ्या आणि सोबत दुसऱ्याला आणणाऱ्या पब्लिकच्या जोरावर.

गल्ला आणि हातात पडणारा पैसा

चाहत्यांच्या भांडणात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ८७ कोटींचा गल्ला म्हणजे ८७ कोटी स्टुडिओच्या खिशात, असं धरून दोन्ही बाजू बोलतात. तिकिटाचे पैसे आधी थिएटरशी वाटून घ्यावे लागतात. ठोकळमानाने अमेरिकेत निम्मे, बाहेरच्या बहुतेक देशांत चाळीस टक्क्यांच्या आसपास, आणि चीनमध्ये फक्त पंचवीस टक्के.

रूममेटच्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही दोघांनी मिळून हे गणित केलं होतं. वादाच्या त्या दोन महिन्यांत आम्ही एकत्र केलेली बहुधा ती एकच गोष्ट. अमेरिकेच्या ३३ कोटींतले साडेसोळा. चीनच्या साडेनऊ कोटींतले दोन कोटी चाळीस लाख. उरलेल्या जगाच्या सुमारे ४५ कोटींतले अठरा. बेरीज ३७ कोटींच्या आत. त्यातून बनवायचे २५ कोटी वजा. राहिले बारा. आणि एवढ्या मोठ्या चित्रपटाच्या जगभरच्या जाहिरातीला दहा-पंधरा कोटी डॉलर सहज लागतात. म्हणजे थिएटरच्या पैशात हिशेब जेमतेम बरोबरीला येतो. नफा येतो तो नंतर, टीव्हीचे हक्क, डिस्क, डिजिटल यांतून. हॉलिवूडच्या बातम्या देणाऱ्या ‘डेडलाइन’ने पुढच्या वर्षी सगळं धरून नफ्याचा अंदाज सुमारे साडेदहा कोटी डॉलर असा दिला होता.

तोटा झाला नव्हता. डीसीवाले इथे बरोबर होते आणि आम्ही ते ओरडून सांगत होतो. पण त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ‘डेडपूल’ आला होता, फक्त ५.८ कोटींत बनलेला. त्याने ७८ कोटी मिळवले, तेही चीनमध्ये प्रदर्शित न होता आणि अमेरिकेत लहान मुलांना एकट्याने बंदी असताना. गल्ल्यात तो आमच्या मागे, पण ‘डेडलाइन’च्याच अंदाजात त्याचा नफा आमच्या तिप्पट. शेजारी हे उदाहरण असताना स्टुडिओतला माणूस ८७ च्या आकड्याकडे आनंदाने बघणार नव्हता.

अपेक्षेचा आकडा खर्चावरून ठरतो हे आम्हाला तेव्हा कळलं. अब्ज ही चाहत्यांची हौस होती हे खरं, पण २५ कोटी खर्चून वर दहा चित्रपटांचा इमला बांधायला घेतल्यावर त्या हौसेला व्यवहारातही जागा होती.

कुणी काय म्हटलं

समीक्षकांनी चित्रपट झोडपला. किती टक्के समीक्षकांना चित्रपट आवडला हे मोजणाऱ्या रॉटन टोमॅटोज या साइटवर तो तीस टक्क्यांच्या आत राहिला. डीसीच्या अनेक चाहत्यांनी तेव्हा छातीठोकपणे म्हटलं की मार्व्हलच्या मालक डिस्नेने समीक्षकांना पैसे चारले. याला कधीही कसला पुरावा मिळाला नाही. उलट रॉटन टोमॅटोजमध्ये त्या वेळी वॉर्नरचाच छोटा हिस्सा होता. ऑगस्टमध्ये डीसीच्याच ‘सुईसाइड स्क्वाड’च्या वेळी तर ती साइट बंद करा म्हणून हजारो लोकांनी सह्या केल्या. मी सही केली नाही, पण सही करणाऱ्यांचं दुःख मला कळत होतं. ज्या गोष्टीने आपल्याला आतून हलवलं तिला जग टाकाऊ म्हणतंय, हे विशीत सहन होत नाही. मग माणूस कटाचा शोध घेतो.

पण समीक्षकांना बाजूला ठेवलं तरी एक कागद उरतो. अमेरिकेत सिनेमास्कोअर ही संस्था पहिल्याच रात्री थिएटरात आलेल्या साध्या प्रेक्षकांकडून श्रेणी भरून घेते. यात समीक्षक नसतात, तिकीट काढून उत्सुकतेने आलेले लोक असतात. म्हणून श्रेणी सहसा चढीच लागते. ‘मॅन ऑफ स्टील’ला ए-मायनस, ‘डेडपूल’ला ए, ‘सिव्हिल वॉर’ला ए. ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ला बी. आपल्याच माणसांनी दिलेला बी. दुसऱ्या वीकेंडची ६९ टक्के घसरण त्या रात्रीच कागदावर आली होती.

समोरच्या बाजूनेही अन्याय केलाच. मार्व्हलवाल्यांनी ‘मार्था’च्या प्रसंगाची जी टिंगल केली ती मला आजही लागते. दोघांच्या आईचं नाव एकच आहे. ज्याला बॅटमॅन परका, माणूस नसलेला मानत होता तो मरताना आईसाठी जीव तोडतोय, हे त्याला त्या नावाने दिसतं. प्रसंग घाईत उरकलाय, हे मान्य. पण त्यात जे आहे ते खरं आहे. आणि गल्ला घसरला म्हणून तो प्रसंग खोटा ठरला, असं म्हणणाऱ्यांशी मी अजूनही भांडेन.

जूनअखेरीस घरी बघण्यासाठी तीन तासांची ‘अल्टिमेट एडिशन’ आली. थिएटरात दाखवलेला चित्रपट १५१ मिनिटांचा होता, यात अर्धा तास जास्त. कथेतल्या आफ्रिकेतल्या एका हल्ल्याचा आळ सुपरमॅनवर कसा रचला गेला हे यात नीट कळतं, आणि क्लार्क केंट पत्रकार म्हणून खरंच काम करताना दिसतो. आम्ही दोघांनी ती एका लॅपटॉपवर पाहिली. संपल्यावर रूममेट म्हणाला, “हा थिएटरात लावला असता तर मी तुझ्याशी इतका भांडलो नसतो.” दिवसाचे खेळ वाढावेत म्हणून चित्रपट कापायचा आणि मग कथा तुटल्याने लोक दुसऱ्या आठवड्यात येत नाहीत, असं झालं असावं, हे माझं मत आहे. सिद्ध करता येणार नाही.

आकडा ऐकून स्टुडिओने काय केलं

इथे प्रकरण चाहत्यांच्या हातून निसटतं. पुढचा भाग असलेल्या, स्नायडरच दिग्दर्शित करत असलेल्या ‘जस्टिस लीग’चं शूटिंग ११ एप्रिल २०१६ ला सुरू झालं, प्रदर्शनानंतर अवघ्या सतराव्या दिवशी. ६९ टक्क्यांचा आकडा येऊन आठवडाभर झाला होता. मे महिन्यात डीसीच्या चित्रपटांची सूत्रं जेफ जॉन्स आणि जॉन बर्ग यांच्याकडे दिली गेली. जूनमध्ये पत्रकारांना सेटवर नेऊन, आता हलकंफुलकं असेल, असं आवर्जून दाखवलं गेलं. मे २०१७ मध्ये मुलीच्या मृत्यूनंतर स्नायडर बाजूला झाले, त्यांच्या जागी आलेल्या जॉस व्हीडनने बरंच पुन्हा चित्रित केलं, आणि नोव्हेंबरमध्ये बरोबर दोन तासांचा चित्रपट आला. ओपनिंग ९.४ कोटी, जगभरात ६६ कोटींच्या आसपास, खर्च ३० कोटी. ज्या आकड्याला घाबरून सगळं बदललं, त्याहून वीस कोटी कमी.

आणि मधेच, जून २०१७ मध्ये, पॅटी जेनकिन्सची ‘वंडर वुमन’ आली. ओपनिंग १०.३ कोटी, ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’पेक्षा सहा कोटींनी कमी. दुसऱ्या वीकेंडची घसरण ४३ टक्के. अमेरिकेतली एकूण कमाई ४१ कोटी, ओपनिंगच्या चौपट. बॅटमॅन नाही, सुपरमॅन नाही, अब्जाची चर्चाही नाही, आणि तरी अमेरिकेत तिने या दोघांना आठ कोटींनी मागे टाकलं. माझ्या ताईने ती पाहिली. स्वतःहून, मैत्रिणींबरोबर. परत आल्यावर मला फोन करून विचारलं, “ही त्या आधीच्या पिक्चरमध्ये होती का रे? तो कुठे बघायला मिळेल?”

त्यानंतर ‘स्नायडर कट’ची, म्हणजे स्नायडर यांच्या मनातला ‘जस्टिस लीग’ दाखवा अशी मागणी करणारी, मोहीम उभी राहिली. तिच्यात कडवटपणा आणि शिवीगाळ होती, ते झाकण्यात अर्थ नाही. पण त्याच चाहत्यांनी आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेला लाखो डॉलर गोळा करून दिले, स्नायडर यांच्या मुलीच्या आठवणीत. १८ मार्च २०२१ ला चार तासांचा तो चित्रपट एचबीओ मॅक्स या स्ट्रीमिंग सेवेवर आला. तिथे तिकीटबारी नव्हती. शुक्रवार नव्हता, रविवार नव्हता, वहीत लिहायला काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी आणि रूममेट, तो आता बंगळुरूला असतो, एका डीसी चित्रपटाबद्दल फोनवर दोन तास बोललो आणि आकड्याचा विषय निघाला नाही. बोललो ते त्यातला सायबॉर्ग हा नायक आणि त्याच्या वडिलांबद्दल.

जुलै २०२५ मध्ये जेम्स गन यांचा ‘सुपरमॅन’ आला. अमेरिकेत त्याने ३५ कोटी डॉलर ओलांडले, ‘मॅन ऑफ स्टील’च्या २९ कोटींपेक्षा बरेच जास्त. जगभरात मात्र ६१ कोटींच्या पुढे थोडाच सरकला, ‘मॅन ऑफ स्टील’पेक्षा कमी, आणि मधल्या बारा वर्षांची महागाई धरली तर आणखी कमी. स्नायडरवाले जगाचा आकडा दाखवतायत, गनवाले अमेरिकेचा. दोन्ही खरे आहेत. भाचा आता सतरा वर्षांचा आहे. त्याने मला रात्री साडेअकराला मेसेज केला: “मामा, हा हिट आहे की फ्लॉप? मित्र ऐकत नाहीयेत.” मी त्याला दुसऱ्या वीकेंडचा आकडा बघायला सांगितला, आणि मग विचारलं की तू परत बघायला जाणार आहेस का. रविवारी सकाळची तीन तिकिटं काढलीत म्हणाला, एक आईचं.